स्वस्तिक म्हणजे नेमकं काय, आणि नाझींचं चिन्ह तेच का?

२०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने नाझी चिन्ह जाहीरपणे मिरवण्यावर बंदी घातली. असा कायदा करणारं त्या देशातलं ते पहिलं राज्य. बंदी घातलेल्या चिन्हाला या कायद्यात जर्मन नावाने, म्हणजे 'हाकेनक्रॉइत्स' म्हणून ओळखलं आहे आणि हिंदू, बौद्ध, जैन यांच्या स्वस्तिकाला स्पष्ट सूट दिली आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानेही आपल्या कायद्यात हाच फरक नोंदवला. २०२४ च्या जानेवारीपासून ऑस्ट्रेलियात देशपातळीवरही नाझी चिन्हांवर बंदी आली.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रकारचे मजकूर फिरू लागतात. एक म्हणतो, आपल्या धर्मचिन्हावर घाला आला. दुसरा म्हणतो, हिटलरने आपलं स्वस्तिक चोरलं आणि उलटं केलं. पहिलं बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि दुसरं अर्धवट. नीट समजून घ्यायचं तर सुरुवात जर्मनीपासून करून चालणार नाही. ही खूण आशियात कोण, कुठे आणि कशासाठी काढतं, ते आधी पाहू.

आधी खूण, मग अर्थ

एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेघा आणि चारही टोकांना एकाच बाजूला वळलेले चार हात, इतकीच ही आकृती. ती इतकी सोपी आहे की जगात अनेक ठिकाणी माणसांनी ती आपापली शोधून काढली. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ती आहे, म्हणजे आपल्या उपखंडात ती किमान साडेचार हजार वर्षं जुनी. तुर्कस्तानात प्राचीन ट्रॉयच्या जागी, ग्रीक भांड्यांवर आणि अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या विणकामातही ती सापडते. मृत समुद्राच्या काठी एन गेदी इथे ज्यूंच्या एका प्राचीन प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत. त्याच्या फरशीतल्या नक्षीतसुद्धा हीच आकृती आहे. त्यामुळे 'ही फक्त आमची' असा दावा टिकत नाही. मात्र तिला अखंड धार्मिक जीवन मिळालं ते आशियातच.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत 'स्वस्तिक' हा शब्द येतो तेव्हा तो दर वेळी देवाधर्माचाच असतो असंही नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तो गुरांच्या कानावर ओळखीसाठी करायच्या खुणांच्या यादीत येतो. सुश्रुताने शरीरात रुतलेलं शल्य काढण्यासाठी चोवीस प्रकारची 'स्वस्तिक यंत्रं' सांगितली आहेत. फुलीसारखे दोन दांडे असलेले हे चिमटे, आणि त्यांची तोंडं सिंह, वाघ, कावळा अशा पशुपक्ष्यांसारखी. नाट्यशास्त्रात मनगटाशी एकमेकांवर आडवे ठेवलेले हात म्हणजे स्वस्तिक. योगातलं स्वस्तिकासन तर अनेकांना ठाऊक असतं. एकमेकांना छेदणारा नेटका आकार, एवढाच या शब्दाचा एक जुना अर्थ होता हे यावरून दिसतं. त्याच्या जोडीने चालत आलेला दुसरा अर्थ म्हणजे 'स्वस्ति', कल्याण असो.

ऋग्वेदातला 'स्वस्ति न इन्द्रो वृद्धश्रवाः' हा मंत्र पुण्याहवाचनात आजही म्हणतात. त्यात इंद्र, पूषा, तार्क्ष्य आणि बृहस्पती अशा चौघांकडे कल्याण मागितलं आहे. चार देवता म्हणून चार हात, अशी सांगड काही जण घालतात. सांगड सुंदर आहे, पण मंत्रात आकृतीचा उल्लेख नाही. चार वेद, चार पुरुषार्थ, चार आश्रम, चार दिशा, सूर्याची गती, गणपतीचं रूप असे आणखीही अर्थ सांगितले जातात. यातला एकच खरा आणि बाकीचे खोटे, असं ठरवणारा कोणताही ग्रंथ हिंदू परंपरेत नाही.

हिंदू घरात ते काय काम करतं?

मला वाटतं, अर्थांची यादी करण्यापेक्षा स्वस्तिक केव्हा काढलं जातं ते पाहिलं तर जास्त कळतं.

पूजेचा चौरंग मांडताना कलश ठेवण्याआधी तांदळावर स्वस्तिक रेखतात. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरलेल्या अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक असतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांच्या डोळ्यांसमोर तेच. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ लाभ' लिहिण्याआधी, नव्या गाडीच्या पुढच्या बाजूला, गृहप्रवेशाला दाराच्या चौकटीवर, चैत्रांगणात गौरीच्या पाळण्याशेजारी, चातुर्मासात देवापुढच्या रांगोळीत गोपद्मांच्या जोडीला, असं ते सगळीकडे येतं. अनामिका ओल्या कुंकवात बुडवायची, उभी रेघ, आडवी रेघ, चार हात आणि शेवटी चार रिकाम्या घरांत चार ठिपके. काढायला अर्धं मिनिट पुरतं, आणि त्यासाठी गुरुजीच लागतात असं नाही. घरातली आठ वर्षांची मुलगीही काढते.

या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुरू होतंय किंवा कोणीतरी उंबरा ओलांडतंय. हिशेब अजून लिहिलेला नाही, गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही, संसार मांडायचा आहे. अशा सांध्यावर 'पुढचं सगळं नीट होवो' हे बोटाने लिहून ठेवणं, हे हिंदू घरातल्या स्वस्तिकाचं काम. म्हणून ते मूर्तीसारखं कायम पुजायचं दैवत नसतं. ते काढायचं, त्यावर हळदकुंकू वाहायचं आणि कामाला लागायचं.

जैनांचं स्वस्तिक: तांदळात मांडलेलं तत्त्वज्ञान

हिंदू परंपरेत अर्थ सैल आहेत, तर जैन परंपरेत ते काटेकोर आहेत. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं हे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह. जैनांच्या श्वेतांबर पंथाच्या अष्टमंगलांत, म्हणजे आठ शुभचिन्हांतही ते आहे. ओडिशात खारवेल राजाच्या हाथीगुंफा शिलालेखाशेजारी आणि मथुरेला सापडलेल्या आयागपटांवर, म्हणजे पूजेच्या कोरीव शिळांवर, ते दोन हजार वर्षांपूर्वीच कोरलेलं आहे.

सकाळी एखाद्या श्वेतांबर देरासरात, म्हणजे जैन मंदिरात गेलात तर पाटासमोर बसलेली माणसं दिसतील. मूठभर अखंड तांदूळ पाटावर ओतायचे आणि बोटाने सारत त्यांचं स्वस्तिक करायचं. त्याच्या वर तीन छोट्या ढिगल्या, आणि त्यांच्याही वर चंद्रकोर व तिच्यात एक ठिपका. स्वस्तिकावर नैवेद्य म्हणून मिठाई ठेवायची आणि चंद्रकोरीवर फळ.

हा सगळा एक नकाशा आहे. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे चार गती, म्हणजे जीव ज्या चार प्रकारच्या जन्मांत फिरत राहतो ते जन्म: देव, मनुष्य, तिर्यंच (पशू, पक्षी, वनस्पती) आणि नारकी. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो, तसा जीव या चार हातांमध्ये फिरतो. देवजन्म मिळाला तरी तो त्याच फेऱ्यातला एक टप्पा. बाहेर पडायची वाट वरच्या तीन ढिगल्यांमधून जाते: सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य. चंद्रकोर ही सिद्धशिला, मुक्त झालेल्यांची जागा, आणि ठिपका म्हणजे मुक्त जीव. पूजा आटोपली की तांदूळ सारून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

इथे स्वस्तिक म्हणजे निव्वळ 'शुभ' असं म्हटलं तर चुकेल. जैनांच्या मांडणीत ते आपण अडकलो आहोत याची आठवण देतं आणि सुटकेची दिशाही दाखवतं.

बुद्धाच्या छातीवरून जपानच्या नकाशावर

महाराष्ट्रातल्या बौद्ध लेण्यांत, जुन्नर, कार्ले, कुडे अशा ठिकाणी, दानाच्या शिलालेखांच्या आधी किंवा शेवटी स्वस्तिक कोरलेलं आढळतं. व्यापाऱ्याने टाकं खोदून दिलं किंवा कोणी खांबाचा खर्च उचलला, त्याची नोंद आणि तिच्याशेजारी ही खूण. आंध्रातल्या अमरावतीच्या बुद्धपदांवर, म्हणजे कोरलेल्या पावलांवर, बोटांशीही ती आहे. आजच्या महाराष्ट्रात मात्र १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या बौद्ध घरांत धम्मचक्र आणि पंचशील ध्वज यांनाच मान आहे. स्वस्तिक तिथे फारसं दिसत नाही. 'बौद्धांचं चिन्ह' असं सरसकट म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं.

चीनमध्ये बौद्ध धर्माबरोबर ही खूण बुद्धमूर्तीच्या छातीवर बसून पोचली. इसवी सन ६९३ मध्ये सम्राज्ञी वू झतियान हिने तिला अक्षराचा दर्जा दिला असं चिनी परंपरा सांगते. उच्चार 'वान', म्हणजे दहा हजार या संख्येसारखाच. त्यामुळे तिथे तिला अपार, न संपणारं असा अर्थ चिकटला आणि खिडक्यांच्या जाळ्यांत, रेशमी कापडांत एकमेकांत गुंतलेल्या स्वस्तिकांची नक्षी आली. तैवानमध्ये आजही खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ही खूण असली तर तो शाकाहारी आहे असं समजतात.

जपानमध्ये तिचं नाव 'मांजी'. तिथल्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण हीच आहे आणि उत्तरेतल्या हिरोसाकी शहराचं अधिकृत चिन्हही हेच. ऑलिंपिकच्या तयारीत, २०१६ मध्ये, परदेशी पाहुण्यांच्या नकाशांवर मांजीऐवजी पॅगोडाचं चित्र वापरावं असा प्रस्ताव सरकारी नकाशा विभागाकडून आला होता. आपली शतकांची खूण पाहुण्यांच्या गैरसमजापायी का लपवायची, असं म्हणत अनेक जपान्यांनी त्याला विरोध केला. जपानी भाषेतल्या नकाशांवर मांजी तशीच आहे.

बालीतले हिंदू एकमेकांना भेटल्यावर 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणतात. तिबेटच्या बोन धर्मात तर हे मुख्य चिन्ह आहे. नाव 'युंगद्रुंग', अर्थ अढळ, अविनाशी.

डावं अशुभ, उजवं शुभ?

वरच्या टोकाचा हात उजवीकडे वळला असेल तर ते उजवं, डावीकडे वळला असेल तर डावं. हिंदू आणि जैन सहसा उजवं काढतात आणि त्याची सांगड प्रदक्षिणेच्या दिशेशी घालतात. डाव्या स्वस्तिकाला काही तांत्रिक परंपरांत रात्रीशी, कालीशी जोडलं आहे. त्यातून 'डावं म्हणजे अपशकुन' अशी समजूत पसरली.

आशियाच्या पातळीवर ही समजूत टिकत नाही. चीन आणि जपानमधल्या बुद्धमंदिरांत प्रामुख्याने डावंच असतं. बोन धर्माचे लोक कैलासाची प्रदक्षिणाही उलट्या दिशेने, म्हणजे देव डाव्या हाताला ठेवून करतात, आणि त्यांचं पवित्र चिन्हही डावंच. सिंधू मुद्रांवर दोन्ही दिशा आढळतात. शिवाय मुद्रेवर जे उजवं कोरलेलं असतं ते ओल्या मातीवर उमटताना डावं होतं. तेव्हा 'मूळ' दिशा कोणती यावरची भांडणं मला निरर्थक वाटतात.

नाझींनी ते उलटं केलं, हे खरं का?

नाही. नाझींचं चिन्ह बहुतेक हिंदू घरांतल्या स्वस्तिकासारखंच उजवं आहे. फरक मांडणीत आहे. लाल ध्वज, मधोमध पांढरं वर्तुळ आणि त्यात ४५ अंशांत तिरकं केलेलं काळं चिन्ह. तेही काही ठिकाणी त्यांनी सरळ उभं वापरलं होतं. ठिपके नाहीत, कुंकू नाही. पण केवळ दिशेवरून दोघांत फरक करता येईल, ही समजूत सोडून दिलेली बरी. कारण परदेशात कोणी आक्षेप घेतला आणि आपण 'आमचं वेगळ्या दिशेचं आहे' म्हणालो, तर समोरचा फोटो काढून दाखवेल.

मग ते जर्मनीत पोचलं कसं? १८७० च्या दशकात हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याला ट्रॉयच्या जागी ही आकृती असलेल्या असंख्य वस्तू मिळाल्या. त्या काळात युरोपात 'आर्य वंश' ही कल्पना जोरात होती. भारतात हीच खूण आहे, ट्रॉयला आहे, जर्मन भूमीतल्या जुन्या भांड्यांवरही आहे, म्हणजे ती आर्यांचीच, असा उतावळा निष्कर्ष काढला गेला. पुढे ज्यूद्वेष्ट्या जर्मन राष्ट्रवादी गटांनी ती आपली केली आणि त्यांच्याकडून १९२० मध्ये ती नाझी पक्षाच्या ध्वजावर आली. १५ सप्टेंबर १९३५ रोजी तो जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला, आणि नेमक्या त्याच दिवशी न्यूरेंबर्गमध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदेही झाले.

म्हणजे हिटलरने एखाद्या देवळातून ती उचलली नाही. ती त्याला त्याच्याच देशातल्या वंशद्वेषी चळवळीकडून तयार मिळाली. भारत त्या कल्पनेच्या मुळाशी जरूर होता, पण युरोपीय विद्वानांनी रंगवलेला.

त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत ती निव्वळ शुभचिन्ह म्हणूनही प्रचलित होती. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासून निळं स्वस्तिक वापरलं. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या पायदळ डिव्हिजनच्या बाहीवर पिवळं स्वस्तिक होतं, ते १९३९ मध्ये बदलून गरुडासारखा 'थंडरबर्ड' आला.

इंग्रजांनी किंवा मिशनऱ्यांनी मुद्दाम नाव बदललं का?

नाझी चिन्हाच्या नावातला ख्रिस्ती क्रॉस लपावा म्हणून इंग्रजीत मुद्दाम 'स्वस्तिका' हा शब्द घातला, असा आक्षेप आता वारंवार येतो. हिटलरने आपल्या आत्मकथनात 'हाकेनक्रॉइत्स' म्हटलं होतं, म्हणजे आकडे असलेला क्रॉस. इंग्रजीत ते 'स्वस्तिका' झालं आणि बदनामी आपल्या वाट्याला आली, इथपर्यंत खरं आहे. पण क्रॉस लपवण्यासाठी कोणी कट केला, याला भक्कम पुरावा नाही. या आकृतीसाठी 'स्वस्तिका' हा शब्द इंग्रजीत १८७० च्या दशकापासून रूढ होता. पुरातत्त्वाच्या पुस्तकांतून तो वर्तमानपत्रांत गेला. सोयीचा शब्द वापरला गेला आणि तोच चिकटला.

तरीही कायद्यात जर्मन शब्द वापरण्याचा आग्रह मला योग्य वाटतो. दंड कशाला आहे हे त्याने पोलिसालाही कळतं आणि शाळेलाही. या आग्रहाला इतिहास आहे. २००७ मध्ये जर्मनीने सबंध युरोपीय संघात नाझी चिन्हांवर बंदी आणायचा विचार पुढे आणला, तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदूंनी आवाज उठवला आणि तो विचार मागे पडला. २००८ मध्ये जेरुसलेमला इस्रायलचं मुख्य रब्बी मंडळ आणि हिंदू धर्माचार्य यांच्या परिषदेच्या जाहीरनाम्यात स्वस्तिक हे हिंदूंचं प्राचीन शुभचिन्ह असल्याचं मान्य केलं गेलं. ज्या समाजाने सर्वात जास्त सोसलं, त्याच्या धर्मगुरूंनी हे लिहून दिलं, याचं मोल मोठं आहे.

बदनाम झालंच आहे, तर सोडून का देऊ नये?

असं केलेले लोक आहेत. १९४० मध्ये नवाहो, अपाचे, होपी आणि पापागो या अमेरिकेतल्या चार आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींनी एक घोषणा करून आपल्या टोपल्या आणि चादरींवरून ही नक्षी काढून टाकली. अमेरिकेतल्या जैनांच्या महासंघानेही आपल्या बोधचिन्हात स्वस्तिकाच्या जागी ओम घेतला, कारण शेजाऱ्यांना दुखवायचं नव्हतं. हे दोन्ही निर्णय मला आदरणीय वाटतात.

पण सगळ्या आशियाकडून तीच अपेक्षा करता येत नाही. टोपलीवरची नक्षी बदलता येते. जैनाची रोजची अक्षतपूजा, म्हणजे वर सांगितलेली तांदळाची पूजा, स्वस्तिकाशिवाय मांडताच येत नाही, आणि जुन्नरचा शिलालेख खरवडता येत नाही. शिवाय त्या काळात या चिन्हाखाली उलट कामही झालं आहे. चीनमध्ये १९२२ साली 'रेड स्वस्तिका सोसायटी' नावाची सेवाभावी संस्था स्थापन झाली होती. रेड क्रॉससारखीच, फक्त चिन्ह तांबडं स्वस्तिक. १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानजिंगमध्ये कत्तल केली तेव्हा याच संस्थेच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरची हजारो प्रेतं गोळा करून पुरली. तिथे जिवंत राहिलेल्या माणसाला स्वस्तिक पाहून काय आठवलं असेल, आणि पोलंडमधल्या छळछावणीतून सुटलेल्याला काय आठवलं असेल?

दोघांच्या आठवणी खऱ्या आहेत. त्या चिन्हाखाली माणसांनी त्यांच्याशी जे केलं, त्यातून त्या आल्या. म्हणून 'आमचं पाच हजार वर्षांचं, तुमचं पंचवीस वर्षांचं' हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. त्या पंचवीस वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले. वर्षं मोजून ते हलकं होत नाही.

मग परदेशातल्या दारावर काढायचं का?

काढावं, असं माझं मत आहे. कुंकवाने, हळदीने, ठिपक्यांसह, तोरणाखाली किंवा कलशाशेजारी. ते कोणत्या सोहळ्याचा भाग आहे हे पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे. सुट्टं, काळ्या रंगातलं, गाडीच्या काचेवर चिकटवलेलं स्वस्तिक तिथे टाळलेलं बरं, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला संदर्भ कळायला वाव नसतो. शेजारी ज्यू कुटुंब असेल तर दिवाळीच्या आधीच जाऊन सांगावं. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नये. मुलं शाळेत वहीवर स्वस्तिक काढत असतील तर वर्गशिक्षकांना चार ओळींची चिठ्ठी आधीच द्यावी. आणि मुलांना नाझींचा इतिहासही घरातच सांगावा, म्हणजे वर्गात कोणी दचकलं तर का दचकलं हे त्यांना कळेल.

असं शेजारपण मराठी मुलखाला नवं नाही. कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, ते ज्यू शतकानुशतकं मराठी बोलत अलिबाग-पेण परिसरात राहिले. त्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असे, म्हणजे धर्मवचन लिहिलेल्या चर्मपत्राची छोटी नळी. शेजारच्या हिंदू घराच्या चौकटीवर स्वस्तिक असे.